राहणाऱ्या कवतिकाबाई

चिखलीत आमचं बिऱ्हाड लागलं त्या पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या घरातून बाईचा आवाज आला.

"अहो, ऐकता काय? कंदील आत घ्या बरं. अन् दार लोटून घेजा, मच्छर येऊन राह्यले."

आवाज चांगला खणखणीत होता. उत्तर काही ऐकू आलं नाही, पण काही पुरुष बायकोला हुंकारानेच उत्तर देतात, त्यातलेच हे असतील असं मला वाटलं. मी नाशिककडची, लग्न होऊन सहा महिनेही झाले नव्हते. ह्यांना हायस्कुलात मास्तरकी मिळाली म्हणून या अनोळखी गावात आलो होतो. राज्य नवंच झालं होतं आणि नकाशात बुलढाणा जिल्हा कुठे आहे हे मला बोट फिरवून शोधावं लागलं होतं. गावाच्या कडेला, कापसाच्या जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, भिंतीजवळ दोनच घरं होती. एकात दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही, आणि दुसऱ्यात हे कोण ते नवराबायको. शेजार आहे, या विचाराने मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणातल्या दोरीवर एक पांढरंशुभ्र धोतर वाळत होतं. तिसऱ्या दिवशीही तेच. आवाज रोज यायचा. "अहो, पाणी तापलं." "अहो, आज बाजार हाय, पिशवी कुठी ठेवली?" पण ते गृहस्थ काही दृष्टीस पडेनात. शेवटी चौथ्या दिवशी विहिरीवर मी विचारलंच, "तुमचे यजमान दिसले नाहीत कुठे. आजारी आहेत का?"

बाईंनी बादली खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं.

"ते काय? ते तं कवाच गेले, मास्तरीणबाई. मोप वरसं झाले."

"मग तुम्ही बोलता कोणाशी?"

"चोराशी," त्या म्हणाल्या. "एकटी बाई हाय हे त्याले कळू द्याचं काय? घरात माणूस हाय असं वाटलं पाहिजे. धोतर त्याईचंच हाय. धुतो, वाळू घालतो, घडी करून ठेवतो. परत दुसऱ्या दिवशी धुतो."

ह्या कवतिकाबाई. पन्नाशीच्या आसपासच्या, उंचपुऱ्या, हाताला कामाचा घट्टपणा, कपाळ मोकळं पण पुढे ओढलेल्या पदरामुळे मला आधी न दिसलेलं, आणि चालताना एक पाय किंचित ओढत. मूळच्या मेहकरकडच्या बीबी गावच्या, माळ्याच्या घरातल्या. नवरा गेल्यावर चिखलीला भावाकडे आल्या आणि बाजारात आणि दारोदार भाजी विकू लागल्या होत्या. ज्या घरात त्या राहत होत्या ते त्यांचं नव्हतं. त्या तिथे भाडेकरूही नव्हत्या. त्या तिथे का होत्या, हे समजायला मला विम्याबद्दल थोडं शिकावं लागलं.

घर इंगळेसाहेबांचं. साहेब बांधकाम खात्यात ओव्हरशेर होते. जन्मभर सरकारी पूल आणि रस्ते बांधले आणि निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी हे घर बांधलं. पुढच्या तीन खोल्या दगडी भिंतींच्या, वर सिमेंटचा स्लॅब, आणि मागे कवेलूंची, म्हणजे कौलांची, पडवी. प्रत्येक खिडकीची चौकट त्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतली होती. वास्तुशांत झाली आणि वर्षाच्या आत इंगळेबाईंना अर्धांगाचा झटका आला. मुलगा भिलाईच्या कारखान्यात होता. तिथे मोठा दवाखाना होता, म्हणून तो दोघांना घेऊन गेला. घराला कुलूप लागलं.

पण घर जिनाजवळ. हंगामात रुईचे तंतू हवेत तरंगत असायचे, आमच्या ताटातसुद्धा पडायचे. तिथे एखादी ठिणगी पडली की काय होतं हे गावाने पूर्वी पाहिलं होतं. म्हणून इंगळेसाहेबांनी घराचा आगीचा विमा उतरवला होता. विम्याचं काम शांतिलालजी बघत. गावातल्या सगळ्या जिनांचे आणि अडत दुकानांचे विमे त्यांच्याकडेच. त्यांनी साहेबांना निघताना बजावलं, "साहेब, एक बात ध्यानात ठेवा. घर महिनाभर सलग रिकामं राहिलं, तर कंपनी हात वर करते. मग आग लागो की काही होवो, विमा असून नसल्यासारखा. घरात कोणीतरी राहायला पाहिजे."

भाडेकरू ठेवायला इंगळेबाई तयार नव्हत्या. भिंतींना खिळे ठोकतील, म्हणायच्या. झोपूनच होत्या, जीभ जड झाली होती, तरी एक नाव त्यांनी स्पष्ट घेतलं : कवतिका. रोज दारावर भाजी घेऊन यायची ती. तेवढीच ओळख. पण कोथिंबिरीची जुडी बांधताना ती पिवळी काडी आत लपवत नाही, हे इंगळेबाईंनी पाहिलं होतं.

तर अशा त्या राहायला आल्या. पगार ठरला नाही. वर्षाचं धान्य आणि राहायला जागा.

येताना त्यांनी शांतिलालजींना विचारलं म्हणे, "शेठजी, राहणं म्हंजे काय काय करा लागते?"

शांतिलालजी थट्टेखोर माणूस. म्हणाले, "आपल्या घरात जे जे करता ते सगळं करा. एकाच कोपऱ्यात पडून राहाल तर बाकीच्या खोल्या रिकाम्याच की! सगळ्या खोल्यांत राहा."

कवतिकाबाईंनी हे शब्द मनावर घेतले ते अखेरपर्यंत. झोपायच्या त्या पडवीतच, गोधडी टाकून. साहेबांच्या पलंगाला किंवा खुर्च्यांना त्यांनी कधी पाठ लावली नाही. पण दिवसातून एकदा तरी प्रत्येक खोलीत बसल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. सकाळी बैठकीत जमिनीवर बसून भाजी निवडायच्या, दुपारी मधल्या खोलीत तुरीच्या शेंगा सोलायच्या. साहेबांच्या लिहिण्याच्या खोलीत काय करावं हे त्यांना सुचेना. मग तिथे बसून वाती वळायला लागल्या. आम्ही अंगणात गप्पा मारत असलो की मध्येच उठायच्या.

"काय झालं?"

"आज लिवाच्या खोलीत बसणं राह्यलं, बाई. जराशी बसून येतो."

आणि खरंच आत जाऊन बसायच्या. मी खिडकीतून एकदा पाहिलं. भिंतीला टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या आणि छताकडे बघत होत्या. एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशा.

घराच्या मागे त्यांनी वांगी, वाल आणि अंबाडी लावली. ती विकली मात्र कधी नाही. "इंगळेबाईची माती हाय," म्हणायच्या, आणि वांगी आमच्याकडे, शांतिलालजींकडे, जिनातल्या चौकीदाराकडे जायची. मला वऱ्हाडी बोली कळायला लागली ती त्यांच्यामुळे. सुरुवातीला त्यांनी "तुमाले काऊन रडू येऊन राह्यलं?" असं विचारलं तेव्हा मला प्रश्नच समजला नव्हता. माहेरची आठवण येऊन मी दारात बसले होते. प्रश्न समजला नाही, पण त्यांनी शेजारी बसून माझ्या हातात ठेवलेली गरम, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी समजली. वर ठेचा होता. तो खाऊन डोळ्यांत आलेलं पाणी कशाचं, हे मग मलाच सांगता येईना.

एकदा विमा कंपनीचे एक अधिकारी अकोल्याहून आले. विमा पुढे चालू ठेवायचा होता, त्याआधी घर पाहायचं होतं. बुशशर्ट, हातात चामडी बॅग. शांतिलालजी बरोबर होते. कवतिकाबाईंनी त्यांना दारातच थांबवलं.

"पायताण बाहेर काढजा, साहेब. इंगळेबाईले चालत नाई."

"त्या कुठे आहेत?"

"भिलाईले."

अधिकाऱ्यांनी बूट काढले. बैठकीत बसले. बाईंनी पाणी दिलं, वर गुळाचा खडा. त्यांनी कागद काढला आणि विचारलं, "तुम्ही मालकांच्या कोण? नातेवाईक?"

"नाई बाप्पा. आमी माळी, ते पाटील."

"मग भाडेकरू?"

"भाडं नाई देत."

"म्हणजे नोकर."

हे त्यांना लागलं. मी दारात उभी होते, मला त्यांचा चेहरा दिसला. पदर सारखा करून त्या म्हणाल्या, "पगार नाई घेत, साहेब."

"अहो, मग तुम्ही आहात तरी कोण?"

"मी राहतो," कवतिकाबाई म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी शांतिलालजींकडे पाहिलं. "हे मी काय लिहू?"

"तेच लिहा की साहेब," शांतिलालजी हसत म्हणाले. "राहणारी. आपल्या कंपनीला दुसरं पाहिजे तरी काय?"

अधिकाऱ्यांनी काय लिहिलं कोण जाणे, पण जाताना कवतिकाबाईंनी बांधून दिलेली वांगी त्यांनी बॅगेत कागदांवर ठेवली. त्या दिवसापासून आमच्या भागात त्यांचं नाव 'राहणाऱ्या कवतिकाबाई' पडलं. पोस्टमनसुद्धा म्हणायचा, "राहणाऱ्या बाईंना सांगा, साहेबांचं कार्ड आलंय."

ह्या बाईंचं स्वतःचं घर आहे आणि त्याला कुलूप आहे, हे मला फार उशिरा समजलं.

पावसाळ्याचे दिवस होते. दुपारी एक माणूस डोक्यावर पोतं घेऊन भिजत आला. बीबीहून बाजाराला आला होता. अंगणातूनच त्याने हाक मारली. "कवतिकामाय, तुहं घर बसलं वो. मागची भित पडली. अन् आढं खाली आलं."

त्या तांदूळ निवडत होत्या. हात तसाच सुपात राहिला.

"कवा?"

"परवाच्या पावसात. आवाज आला तं आमी पळालो पाहाले. आत कोणी नोतं म्हून बरं."

"हाव," त्या म्हणाल्या. "आत कोणी नोतं."

त्या माणसाला त्यांनी चहा दिला, भाकरी दिली. तो गेल्यावर पुन्हा सूप घेऊन बसल्या. मी म्हटलं, "तुम्ही जाऊन या ना. मी आणि हे इकडे झोपायला येऊ."

"सगळ्या खोल्यांत बसान?"

"बसेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मेहकरच्या गाडीत बसून गेल्या. दोन-तीन दिवसांनी परतल्या तेव्हा हातात एक जातं होतं. नुसती वरची तळी, खुंट्यासकट. बाकीचं ढिगाऱ्याखाली होतं. ती जड तळी कडेवर लेकरासारखी घेऊन त्या गाडीतून उतरल्या, ओढत्या पायाने घरापर्यंत चालत आल्या आणि ती पडवीत ठेवून मग पाणी प्यायल्या.

त्या दिवशी त्या पहिल्यांदा आपल्याबद्दल बोलल्या. घर नवऱ्याने स्वतः बांधलं होतं. माती त्याने तुडवली, पाणी कवतिकाबाईंनी वाहिलं. एक उन्हाळा दोघं झाडाखाली राहिले आणि भिंती चढत गेल्या. मूलबाळ झालं नाही. त्याचा त्याने कधी शब्द काढला नाही. मग एका हिवाळ्यात तापाने तो गेला, तीन-चार दिवसांचं निमित्त.

"मी कुलूप लावलं अन् निंगाली," त्या म्हणाल्या. "भाऊ म्हणे, बीबीलेच राह्य, तुहं घर हाय तिथं. पण मले सांजच्याला दार उघडवेना. दार उघडावं अन् आत ते नसावं, हे मले सोसेना. वाटे, कुलूप लावलं तं ते आत हायेत. बसले हायेत." त्यांनी तळीवरची माती पदराने पुसली. मग म्हणाल्या, "घराले काय माईत कोण गेलं अन् कोण राह्यलं. त्याले माणूस लागते. कोणी सारवलं नाई, कोणी चूल पेटवली नाई. उंदरानं पोखरलं, पाण्यानं बसलं. मी इथं लोकाच्या घरात रोज दिवा लावून राह्यली, बाई, अन् माहं घर तिकडे अंधारात मेलं."

मी त्यांचा हात धरला. थोड्या वेळाने त्यांनीच माझा हात सोडवून घेतला आणि म्हणाल्या, "तुमी मधल्या खोलीत बसल्या होत्या ना?"

आग लागली ती त्याच्या पुढच्या चैत्रात. भर दुपार, बाहेर कुत्रंसुद्धा नाही असं ऊन. जिनाचा भोंगा अवेळी वाजला, आणि थांबेचना. मी बाहेर आले तर जिनाच्या आवारातल्या कापसाच्या गंजीतून धूर उठत होता, आणि बघता बघता ज्वाळा दिसायला लागल्या. वारा आमच्याच बाजूचा. जळते बोळे हवेतून येऊन अंगणात पडत होते. कापूस वजनाला काहीच नसतो, त्यामुळे आगसुद्धा पिसासारखी येत होती, अगदी सावकाश, आणि जिथे टेकेल तिथे पेट घेत होती.

हे शाळेत होते. मी ट्रंक ओढत रस्त्यावर आणली. तिथे जिनातली माणसं धावत होती, शांतिलालजी धोतराचा सोगा हातात धरून पळत आले होते. कवतिकाबाई कुठे दिसेनात. वर पाहिलं तर त्या पडवीच्या कवेलूंवर! शिडी लावून चढल्या होत्या, पदर खोचला होता, आणि ओलं पोतं घेऊन बोळे झोडपत होत्या. एक विझवला की दोन पडत. कडेचा वासा धुमसायला लागला होता.

शांतिलालजी खालून ओरडले, "बाई, खाली या! कवेलू फुटतील, पडाल!"

"पाणी द्या!"

"अहो, जळू द्या पडवी! जळू द्या घर! विमा आहे घराचा! कंपनी भरून देईल!"

कवतिकाबाईंनी वरून खाली पाहिलं. धुराने डोळे लाल झाले होते. आणि त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. विमा म्हणजे घर जळल्यावर काहीतरी मिळणं, हा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. त्यांना वाटत होतं, माणूस राहिलं की घराला काही होत नाही, यालाच विमा म्हणतात.

"जळू द्या म्हणता?" त्या ओरडल्या. "मंग मले कायले ठेवलं इथं, शेठजी? पाणी द्या!"

शांतिलालजींनी डोक्यावरची पगडी काढून माझ्या ट्रंकेवर ठेवली आणि विहिरीकडे धावले. इतका भारदस्त माणूस, पण रहाट ओढायला लागला. मी बादल्या भरू लागले, जिनातली चार माणसं आली, त्यांनी शिडीवर साखळी केली. पडवीचा एक कोपरा गेला. वासे खाली आले, वांग्यांचा वाफा जळाला. पण पुढच्या खोल्यांपर्यंत आग पोचली नाही. आमच्या खोल्याही वाचल्या, कारण आमची भिंत त्याच पडवीला लागून होती आणि आग तिथेच अडली.

त्या खाली उतरल्या तेव्हा उजव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत भाजली होती. दवाखान्यात डॉक्टर मलम लावत असताना त्या शांतिलालजींना म्हणाल्या, "शेठजी, रागानं बोलली. मनात ठेवू नोका."

शांतिलालजींनी हात जोडले. नंतर त्यांनी कंपनीच्या मागे लागून पडवीची भरपाई मिळवली. घर राहतं होतं, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. नवी कवेलू आली, नवे वासे आले. सुताराने काम सुरू केलं तेव्हा शांतिलालजी रोज सकाळी येऊन खुर्ची टाकून बसत आणि म्हणत, "बाईंना विचारून ठोक."

इंगळे दांपत्य परत आलं ते त्यानंतरच्या दिवाळीच्या आधी. बाई आता काठी धरून चालू लागल्या होत्या. भिलाईला मुलाचं घर चांगलं होतं, पण त्यांचं मन इकडेच होतं. टांगा दाराशी थांबला. साहेबांनी बायकोला हात दिला. कवतिकाबाई अंगण शिंपून, रांगोळी काढून, दाराच्या एका बाजूला उभ्या होत्या.

इंगळेबाई एकेका खोलीतून फिरल्या. काठीचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. लिहिण्याच्या खोलीत त्या बराच वेळ थांबल्या. बाहेर आल्या आणि जड जिभेने म्हणाल्या, "कवतिका, बंद घराचा वास येत नाई गं."

"नाई बाई. येऊच नाई दिला."

दोघी रडल्या. मग साहेब म्हणाले, "कवतिकाबाई, मागची पडवी तुमची. आम्ही दोघं असे म्हातारे, तुम्ही इथंच राहा."

त्यांनी मान हलवली. "आता घर राहतं झालं, साहेब. मले माह्या घराकडे पाहा लागते."

जात्याची ती तळी सोडली, तर त्यांचं सामान एका पत्र्याच्या पेटीत मावलं. दुपारी जेवण झालं, इंगळेबाईंनी स्वतः चुलीपाशी बसून चहा केला. कवतिकाबाई तोवर पेटी रस्त्यावर ठेवून आल्या होत्या. परत आल्या आणि उंबऱ्याबाहेर थांबल्या. कितीतरी दिवस ज्या घराचं दार त्यांनी पहाटे उघडलं आणि संध्याकाळी लावलं, त्या घराच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी विचारलं, "बाई, येऊ काय आत?"

इंगळेबाईंच्या हातातली किटली तशीच राहिली. मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

नंतर ह्यांची बदली झाली, आम्ही खामगावला गेलो, मुलं झाली. कोणी बीबीकडचं भेटलं तर मी चौकशी करायची. कळायचं की माती कालवतेय, भिंत घालतेय, भाऊ मदतीला आला होता, एक खोली झाली, वर पत्रे पडले. मग बरीच वर्षं काहीच कळलं नाही. एकदा एका लग्नासाठी सिंदखेडराजाला जायचं होतं. मेहकरहून निघालेली गाडी बीबीला थांबली आणि मी ह्यांना न विचारताच उतरले. "तुम्ही पुढे व्हा," म्हटलं. "मी मागच्या गाडीने येते."

घर शोधावं लागलं नाही. स्टँडपासून जवळच होतं. दोन खोल्या, सारवलेलं अंगण, भिंतीवर दुधी भोपळ्याचा वेल. अंगणात बाजेवर कवतिकाबाई बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते, पाय आता जास्त ओढत होता. त्यांनी मला लगेच ओळखलं नाही. ओळखलं तेव्हा, "अव माय! मास्तरीणबाई!" म्हणून माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. उजव्या हाताची कातडी अजून चकचकीत होती.

दारात साडी नेसलेली एक तरुण मुलगी उभी होती. सरकारने गावात नेमलेली नर्स. नवरा वरवट बकालला तलाठ्याच्या हाताखाली, तिकडे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. ही इकडे, पदरात तान्हं मूल. गावात तिला कोणी खोली देईना. लोक आधी जात विचारत आणि मग खोली रिकामी नाही म्हणत. हिने दोन रात्री शाळेच्या ओट्यावर काढल्या होत्या, मग कवतिकाबाई तिला आपल्या घरी घेऊन आल्या.

"गाव तुम्हांला काही बोललं नाही?" मी हळूच विचारलं.

"बोलले तं. भावकीतल्या एकानं पाणी बंद करतो म्हटलं," त्या सहज म्हणाल्या. "मंग त्याच्याच सुनेचं बाळंतपण अडलं. नर्सबाई गेली, रातभर बसली. आता तोच दूध पाठवते." त्यांनी आवाज खाली आणला. "अन् बाई, खरं सांगू? मी काई उपकार नाई केले. घर बांधलं खरं, पण मी एकटी किती खोल्यांत बसू? पाय दुखते आता."

नर्स हसली. तिने चहा आणला. आम्ही खूप बोललो. इंगळेबाई गेल्याचं त्यांना कळलं होतं, शांतिलालजींना डोळ्यांनी दिसेनासं झाल्याचंही. माझ्या मुलांची नावं त्यांनी दोन-दोनदा विचारून पाठ केली. मग गाडीची वेळ झाली तशा काठी घेऊन माझ्याबरोबर स्टँडपर्यंत आल्या. मी नको म्हणत होते. वाटेत भेटेल त्याला सांगत होत्या, "माही मास्तरीण हाय. चिखलीची."

गाडी आली. मी चढले, खिडकीजवळ जागा मिळाली. त्या खाली उभ्या होत्या, खिडकीच्या गजावर हात ठेवून.

"परत येजा," त्या म्हणाल्या. "पोरायले घेऊन. राहाले येजा, नुसतं भेटाले नाई. चार दिवस..."

तेवढ्यात घराच्या बाजूने तान्ह्या मुलाच्या रडण्याचा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. त्यांनी मान वळवली.

"उठलं वाटते," त्या म्हणाल्या. "नर्सबाई विहिरीवर गेली असंन."

मग माझ्याकडे एकदा पाहिलं, गजावरचा हात काढला, आणि वाक्य तसंच सोडून निघाल्या. कंडक्टरने घंटी दिली. गाडी वळेपर्यंत मला त्यांची पाठ दिसत होती. काठी टेकत, पाय ओढत, पण जमेल तितक्या घाईने त्या चालल्या होत्या, आणि मागे वळून पाहायला त्यांना सवड नव्हती.